नोंद कोणासाठी? भारतीय प्राथमिक आरोग्यसेवेतील कागदांचा इतिहास

आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली देण्यात आलेल्या 'आभा' क्रमांकांची संख्या २०२५च्या आरंभीच ७० कोटींच्या पुढे गेली. हा चौदा अंकी क्रमांक म्हणजे नागरिकाच्या आरोग्यविषयक नोंदी एका धाग्यात ओवण्याचा दोरा, अशी त्यामागची कल्पना आहे. क्रमांकांची संख्या वाढली की बातमी होते, आणि ते योग्यही आहे, कारण जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर असा प्रयत्न फार थोड्या देशांनी केला आहे. मात्र क्रमांक मिळणे ही एक गोष्ट, आणि आजाराची हकीकत रुग्णाच्या पुढच्या भेटीपर्यंत टिकून राहणे ही दुसरी. या दोहोंमधले अंतर भारतीय आरोग्यव्यवस्था गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे कापू पाहत आहे, आणि तो प्रवास संगणकाच्या कितीतरी आधी, साध्या जाड कागदाच्या कार्डावर सुरू झाला.

या प्रवासात दोन प्रकारच्या नोंदी वारंवार भेटतात. पहिल्या प्रकारची नोंद वरच्या कार्यालयाला सांगते की, मागच्या महिन्यात किती जण आले. दुसऱ्या प्रकारची नोंद समोरच्या कर्मचाऱ्याला सांगते की, आज कोण यायला हवे होते आणि आले नाही. पहिली हिशेबाची, दुसरी आठवणीची. देशाला दोन्ही लागतात. परंतु प्राथमिक आरोग्यसेवेचा भारतातील इतिहास पाहिला, तर हिशेबाच्या नोंदीने आठवणीच्या नोंदीला पुन्हा पुन्हा मागे ढकलल्याचे दिसते, आणि जिथे आठवणीची नोंद टिकली तिथे रुग्णही टिकले, हेही दिसते.

सातत्य म्हणजे काय

प्राथमिक आरोग्यसेवेचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक बार्बरा स्टारफील्ड यांनी तिची चार लक्षणे सांगितली: आजारी माणसाने प्रथम जिथे जावे असे ठिकाण, दीर्घकाळ टिकणारा संबंध, बहुतेक गरजा भागवणारी व्यापक सेवा, आणि इतरत्र झालेल्या उपचारांचा समन्वय. यांतील दुसरे व चौथे लक्षण थेट नोंदीवर अवलंबून आहे. डॉक्टर बदलतो, परिचारिकेची बदली होते, रुग्ण स्वतःही कामासाठी दुसऱ्या गावी जातो. माणसे हलत असताना उपचाराचा धागा तुटू द्यायचा नसेल, तर तो कोठेतरी लिहून ठेवावाच लागतो.

हा धागा सुटला तर काय होते, याचे मोजमापही झाले आहे. २०१८ साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ९ देशांतील २२ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांपैकी १८ अभ्यासांत, एकाच डॉक्टरकडे सातत्याने जाणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. हे अभ्यास निरीक्षणावर आधारलेले होते, त्यामुळे त्यांतून कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध होत नाही. तरीही वेगवेगळ्या देशांतून आणि वेगवेगळ्या व्यवस्थांतून आलेले निष्कर्ष एकाच दिशेने झुकावेत, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

भोर समितीचे स्वप्न

स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा स्वातंत्र्याच्या आधीच तयार झाला होता. ऑक्टोबर १९४३मध्ये नेमलेल्या आरोग्य पाहणी व विकास समितीचे अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. ते नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. समितीचा चार खंडांचा अहवाल १९४६ साली आला. प्रतिबंध आणि उपचार ही दोन खाती निरनिराळी न ठेवता एकाच छताखाली आणावीत, आणि तूर्त दर ४० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, अशी तिची शिफारस होती. दूरच्या टप्प्यात हे प्रमाण १० ते २० हजारांवर आणायचे होते.

या शिफारशीचा गाभा केवळ इमारतींचा नव्हता. ठरावीक लोकसंख्येची जबाबदारी ठरावीक पथकाकडे, हे त्यातले मूळ सूत्र होते. आलेल्याला औषध देणारा दवाखाना आणि न आलेल्याचीही जबाबदारी घेणारे केंद्र यांत मूलभूत फरक आहे. दुसऱ्याला आपल्या हद्दीतील माणसे नावानिशी माहीत असावी लागतात. १९५२पासून सामूहिक विकास कार्यक्रमाखाली प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली, परंतु एका विकासगटाला एक अशी. लोकसंख्या भोर समितीच्या कल्पनेहून बरीच मोठी, मनुष्यबळ तिच्या कल्पनेहून बरेच तोकडे. नावानिशी ओळख या गणितात बसली नाही. रुग्ण यायचा, केसपेपर निघायचा, औषध मिळायचे, आणि तो केसपेपर रुग्णासोबत घरी जाऊन हरवायचा किंवा केंद्रातल्या गठ्ठ्यात विसावायचा.

याच काळात एका वर्गासाठी मात्र वेगळी व्यवस्था उभी राहत होती. १९४८च्या कायद्यान्वये स्थापन झालेली कामगार राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. पुढे काही राज्यांत विमाधारक कामगाराचे नाव यादीवरच्या एका ठरावीक डॉक्टरकडे नोंदवले जाऊ लागले आणि त्याच्या वैद्यकीय नोंदींचे एक पाकीट ठेवले जाऊ लागले. ही पद्धत ब्रिटनच्या राष्ट्रीय विम्यावरून घेतलेली होती. तिथे रुग्णाने डॉक्टर बदलला तर पाकीटही नव्या डॉक्टरकडे जात असे. भारतात नोंदणीकृत डॉक्टर आणि रुग्णामागे जाणारी नोंद ही कल्पना संघटित कामगारांपुरती रुजली. शेतमजूर, विडी कामगार, फेरीवाले यांच्या वाट्याला ती आली नाही.

मद्रासचा प्रयोग

आठवणीच्या नोंदीची पहिली मोठी परीक्षा क्षयरोगाने घेतली. १९५०च्या दशकात क्षयावर परिणामकारक औषधे हाती आली होती, पण उपचार म्हणजे आरोग्यधाम हीच समजूत जगभर दृढ होती. रुग्णाने महिनोन्‌महिने निवासी राहावे, उत्तम आहार व विश्रांती घ्यावी, असा तो शिरस्ता. भारतात क्षयरुग्णांची संख्या लाखोंच्या घरात, आणि आरोग्यधामांतल्या खाटा काही हजार. हे गणित कधीच सुटणारे नव्हते.

१९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू केले. आज ते राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. वॉलेस फॉक्स यांच्या मार्गदर्शनाखाली शहरातल्या गरीब वस्त्यांमधील १९३ रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करण्यात आले. एक आरोग्यधामात, दुसरा स्वतःच्या घरी. दोन्ही गटांना वर्षभर तीच औषधे देण्यात आली. घरी राहिलेल्यांचा आहार निकृष्ट, खोल्या दाटीच्या, विश्रांती अपुरी. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या परिणामांत फारसा फरक नव्हता, आणि घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना संसर्गाचा जादा धोका झाल्याचेही दिसले नाही.

या प्रयोगाने जगभरच्या आरोग्यधामांचे युग संपुष्टात आणण्यास हातभार लावला, हे सर्वश्रुत आहे. त्याची दुसरी बाजू कमी बोलली जाते. आरोग्यधामाच्या भिंती उपचाराइतकेच आणखी एक काम करत होत्या: रुग्णाने आज औषध घेतले की नाही, हे त्या आपोआप जाणत होत्या. भिंती काढून टाकल्यावर ते काम दुसऱ्या कोणीतरी करायला हवे होते. मद्रासच्या पथकाने ते नियमित तपासणी, घरी अचानक भेटी, लघवीची चाचणी आणि यांतील प्रत्येक गोष्टीची काटेकोर नोंद यांच्या साहाय्याने केले. भिंतीची जागा कागदाने आणि पायपिटीने घेतली. घरचा उपचार यशस्वी झाला तो औषधामुळे, आणि घरी गेलेल्या रुग्णाला केंद्राने विसरू दिले नाही म्हणूनही.

खोकल्याच्या बाटलीची कहाणी

१९५९ साली बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिथल्या डी. बॅनर्जी व एस. अँडरसन यांनी कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात केलेला अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातला माणूस अज्ञानामुळे दवाखान्यात येत नाही, हा तेव्हाचा प्रस्थापित समज होता. अभ्यासाने त्याच्या उलट चित्र समोर ठेवले. क्षयाच्या बहुसंख्य रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, आणि जवळपास निम्मे जण सरकारी दवाखान्याची पायरी चढूनही आले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवण्यात आले होते. रुग्णाने आपले काम केले होते. हा माणूस याच खोकल्यासाठी पूर्वीही आला होता, हे लक्षात ठेवणारे तिथे काहीच नव्हते.

१९६२ साली आखलेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम या समजुतीवर उभा होता. निदान व उपचार सर्वसाधारण दवाखान्यांतूनच करायचे, जिल्हा क्षयरोग केंद्राने नोंद ठेवायची, प्रत्येक रुग्णाचे उपचार कार्ड बनवायचे, ठरलेल्या तारखेला औषध न्यायला न आलेल्यास पत्र पाठवायचे, तरीही न आल्यास घरी जायचे. कागदावर ही योजना आजही आदर्श वाटावी अशी होती. प्रत्यक्षात औषधांचा तुटवडा, अपुरे कर्मचारी आणि नव्या रुग्णांचे आकडे गोळा करण्यावरचा भर यांनी तिला पोखरले. किती शोधले हे विचारले जाई. किती बरे झाले हे क्वचितच. १९९२ साली भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व स्वीडनच्या विकास संस्थेसह केलेल्या आढाव्यात, उपचार सुरू केलेल्यांपैकी निम्म्याहून कमी रुग्ण ते पूर्ण करतात, असे निष्पन्न झाले.

त्यानंतर आलेल्या सुधारित कार्यक्रमाची चाचणी १९९३मध्ये झाली, १९९७पासून विस्तार झाला आणि मार्च २००६पर्यंत त्याने सारा देश व्यापला. त्यात एक साधी भारतीय युक्ती होती: रुग्णाच्या नावाची पेटी. उपचार सुरू होतानाच त्या रुग्णाचा संपूर्ण अभ्यासक्रमाचा औषधसाठा एका खोक्यात बाजूला काढून त्यावर त्याचे नाव लिहायचे. नव्या रुग्णांसाठी लाल, पूर्वी उपचार झालेल्यांसाठी निळे खोके. साठा अर्ध्यावर संपण्याची भीती यामुळे गेली. शिवाय कपाटात तसेच पडून राहिलेले, अर्धे भरलेले खोके रोज नजरेस पडे. ज्याचे खोके हलत नाही, तो माणूस कुठे आहे, हा प्रश्न विचारण्यासाठी वेगळा अहवाल मागवावा लागत नसे. त्याचबरोबर प्रत्येक तिमाहीत नोंदल्या गेलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, याचा गटवार हिशेब देणे बंधनकारक झाले. हिशेबाची आणि आठवणीची नोंद इथे प्रथमच एकाच कार्डावरून निघू लागली. पुढे मे २०१२मध्ये क्षयरोगाची सूचना सरकारला देणे अनिवार्य झाले आणि त्याच वर्षी 'निक्षय' ही संगणकीय प्रणाली आली. तिच्यामुळे गाव सोडून शहरात गेलेल्या रुग्णाचा उपचार नव्या ठिकाणी पुढे चालवण्याची सोय झाली.

एक बाई, अनेक वह्या

क्षयरोगाचे कार्ड क्षयरोगापुरतेच होते. भारतातले बहुतेक मोठे आरोग्य कार्यक्रम असेच एकेका आजाराभोवती उभे राहिले. १९५३ साली हिवताप नियंत्रण व १९५८ साली हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पाहणी कर्मचारी ठरावीक दिवसांनी घरोघर जात, तापाच्या रुग्णाचे रक्त काचपट्टीवर घेत आणि भेटीची तारीख घराच्या भिंतीवर नोंदवत. घराची भिंत हीच वही. १९६५ सालापर्यंत देशातील हिवतापाचे रुग्ण सुमारे एक लाखावर आले. त्यानंतर पाहणी सैल झाली, डासांमध्ये कीटकनाशकांना दाद न देण्याची क्षमता आली, आणि १९७६ साली नोंदलेले रुग्ण ६४ लाखांवर गेले. भिंतीवरच्या तारखा थांबल्या त्याच काळात आजार परतला. कारणे अनेक होती, पण घरोघरची ती नियमित फेरी तुटणे हे त्यांपैकी एक होते.

१९७३ साली कर्तारसिंग समितीने हिवताप, देवी, कुटुंब नियोजन यांचे वेगवेगळे कर्मचारी एकत्र करून बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी निर्माण करण्याची शिफारस केली. कर्मचारी एकत्र झाले. वह्या मात्र वेगळ्याच राहिल्या. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेकडे पात्र जोडप्यांची नोंदवही, गरोदर मातांची नोंदवही, लसीकरणाची, जन्ममृत्यूची, हिवतापाच्या काचपट्ट्यांची, औषधसाठ्याची, शिवाय रोजची दैनंदिनी. एकाच स्त्रीचे नाव तीन-चार वह्यांत, आणि त्या नावांना जोडणारे असे एकच साधन: सेविकेची स्मरणशक्ती. तिची बदली झाली की तेही गेले. महिन्याच्या शेवटी या सर्व वह्यांतून आकडे उतरवून अहवाल तयार करायचा, तो तालुक्याला पाठवायचा. आकडे वर जात राहिले. वरून खाली मात्र फारच थोडे येई.

तरीही याच उपकेंद्रांत आठवणीच्या नोंदीचा एक देखणा नमुना टिकून राहिला. १९७८ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम व १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाल्यावर आईकडे बाळाचे कार्ड आणि सेविकेकडे त्याची स्थळप्रत, अशी पद्धत रूढ झाली. ही स्थळप्रत ठेवण्यासाठी कापडी खिशांची पिशवी वापरली जाते. वर्षाच्या प्रत्येक महिन्याचा एकेक खिसा. बाळाचा पुढचा डोस ज्या महिन्यात, त्या महिन्याच्या खिशात त्याची स्थळप्रत जाते. डोस दिला की ती पुढच्या खिशात सरकते. महिना संपताना खिशात जे कागद उरतात, ती राहून गेलेल्या बाळांची यादी. यासाठी वीज लागत नाही, संकेतशब्द लागत नाही, आकडेमोडही लागत नाही. नोंद नावाच्या क्रमाने न लावता पुढच्या तारखेच्या क्रमाने लावली की ती बोलू लागते, एवढेच त्यातले रहस्य.

संगणकाचे आगमन

हरियाणातील बल्लभगढ येथे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने १९६५ साली ग्रामीण आरोग्यसेवा प्रकल्प सुरू केला होता. घरोघरच्या भेटींतून गोळा होणारी कुटुंबनिहाय माहिती तिथे १९८८पासून संगणकावर ठेवली जाऊ लागली. त्या काळी देशातल्या मोठ्या रुग्णालयांतही संगणक दुर्मीळ होते. बल्लभगढच्या प्रणालीचे मोल तिच्या यंत्रांत नव्हते. ती आरोग्य कर्मचाऱ्याला कामाची यादी परत देत असे: कोणत्या घरी गरोदर स्त्री आहे, कोणत्या बाळाची लस बाकी आहे. कर्मचाऱ्याने माहिती भरावी, कारण ती पुढच्या फेरीला त्याच्याच उपयोगी पडणार आहे, असा तो सरळ व्यवहार होता.

२००९ साली केंद्र सरकारने हीच कल्पना देशभर न्यायचे ठरवले. माता व बालक मागोवा प्रणालीत प्रत्येक गरोदर स्त्रीची व बाळाची नावानिशी नोंद व्हावी, आणि तिच्यातून सेविकेला कामाची यादी मिळावी, अशी योजना होती. एका संशोधन केंद्राच्या परिसरात जे जमले, ते लाखो उपकेंद्रांत जमवणे फार अवघड ठरले. सेविका गावात वहीत लिहिणार, तालुक्याला बसलेला दुसराच माणूस ते संगणकात भरणार, या वळणावर विलंब आणि चुका साचल्या. राजस्थान व उत्तर प्रदेशातील पाहणीत प्रणालीच्या अशाच मर्यादा समोर आल्या. यादी हाती येईपर्यंत बाळंतपण होऊन गेलेले असले, तर त्या यादीचा सेविकेला उपयोग काय? तिच्या दृष्टीने जुन्या वह्यांत आणखी एका वहीची भर पडली होती. पुढे तिच्या हाती टॅब्लेट देऊन हे अंतर मिटवण्याचे प्रयत्न झाले, आणि ते अजून चालू आहेत.

पिशवीतले केसपेपर

आतापर्यंतची कथा सरकारी व्यवस्थेची झाली. भारतात बाह्यरुग्ण सेवेचा मोठा हिस्सा, दोन तृतीयांशांहून अधिक, खासगी डॉक्टरांकडे आहे. तिथे नोंदीचा वाहक एकच: रुग्ण स्वतः. चुरगळलेले केसपेपर, रक्ततपासणीचे अहवाल, एक्स-रेचे मोठे लिफाफे भरलेली प्लास्टिकची पिशवी हे भारतातले सर्वांत व्यापक आरोग्य अभिलेखागार आहे. तिच्यात क्रम नसतो, अर्धे कागद फिकट झालेले असतात, पण ती नेहमी रुग्णासोबत असते. दुसऱ्या डॉक्टरकडे नेण्याची परवानगी तिला कोणाकडे मागावी लागत नाही. हा गुण नव्या व्यवस्थेने गमावू नये, इतका मोलाचा आहे.

कायद्यानेही रुग्णाचा हा हक्क मान्य केला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी केल्यास ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक करण्यात आले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णालाही आपल्या नोंदी पाहण्याचा अधिकार दिला. परंतु ज्याला हा हक्क ठाऊकच नाही, त्याच्यासाठी तो पुस्तकातच राहतो.

रक्तदाबाची परीक्षा

लसीकरणाला काही डोस लागतात, क्षयाला काही महिने. उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांना सारे आयुष्य लागते. त्यामुळे आठवणीच्या नोंदीची खरी कसोटी आता लागते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात सुमारे २२ कोटी प्रौढांना उच्च रक्तदाब आहे, आणि त्यांपैकी केवळ १२ टक्क्यांच्या आसपास लोकांचा तो आटोक्यात आहे. या आजारात दुखत काहीच नाही, म्हणून बरे वाटले की गोळी सुटते. गोळी सुटलेल्याची कोणालाच खबर नसते. खबर मिळते ती पक्षाघाताच्या किंवा हृदयविकाराच्या झटक्याच्या दिवशी.

नोव्हेंबर २०१७मध्ये पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगण व महाराष्ट्र या पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. त्यात अत्याधुनिक म्हणावे असे औषध एकही नव्हते. सर्वांना एकच सोपी उपचारपद्धती, एकावेळी महिन्याभराच्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रात पुन्हा औषध मिळण्याची सोय, आणि प्रत्येक रुग्णाचे कार्ड. पुढे अनेक ठिकाणी कार्डाची जागा मोबाइलवरच्या एका छोट्या अ‍ॅपने घेतली. परिचारिका रुग्णाच्या पुस्तिकेवरचा चौकोनी संकेत स्कॅन करते, रक्तदाब व औषध नोंदवते, पुढची तारीख आपोआप ठरते. तारीख उलटलेल्यांची यादी तिच्याच पडद्यावर येते, आणि तिथूनच त्यांना फोन लावता येतो. कापडी पिशवीतल्या खिशांचा हा नवा अवतार. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने या उपक्रमाचा गौरव झाला, तेव्हा त्याखाली ३४ लाखांहून अधिक लोक उपचार घेत होते.

यातला धडा अ‍ॅपचा नाही. उपचार संपेपर्यंत किंवा आयुष्यभर कोणाला पुन्हा यायचे आहे, हे जिथे नोंदीच्या केंद्रस्थानी ठेवले गेले, तिथे ती नोंद भरणाऱ्यालाही ओझे वाटली नाही.

पुन्हा चौदा अंकांपाशी

१४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातील जांगला येथे देशातील पहिल्या आरोग्य व कल्याण केंद्राचे उद्घाटन झाले. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह व काही कर्करोगांसाठी तपासणी आणि प्रत्येक कुटुंबाची नोंद, हे या केंद्रांचे काम. भोर समितीचे नावानिशी ओळखीचे सूत्र बहात्तर वर्षांनी पुन्हा धोरणात आले. १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेची चाचणी सुरू झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ती देशभर नेण्यात आली. तिची रचना विचारपूर्वक केलेली आहे. सर्व नोंदी एका कोठारात गोळा करायच्या नाहीत. त्या जिथे तयार झाल्या तिथेच राहतील, आणि रुग्णाने संमती दिल्यावर दुसऱ्या डॉक्टरला दिसतील. प्लास्टिकच्या पिशवीचा तो गुण, नोंदीवर रुग्णाचा ताबा, इथे तत्त्वतः राखला आहे.

तत्त्व व्यवहारात उतरण्याआधी काही प्रश्न उरतात. लहान खासगी दवाखान्यातला डॉक्टर, ज्याच्याकडे दिवसाला शंभर रुग्ण येतात आणि जो आजही कागदावर औषध लिहितो, तो ही नोंद का भरेल? त्याला तिच्यातून परत काय मिळेल? संमती मागितली जाताना वाचता न येणाऱ्या रुग्णाला ती कळेल का? क्षयरोग, एचआयव्ही किंवा मनोविकार यांच्या नोंदी चुकीच्या नजरेस पडल्या तर नोकरी, लग्न, भाड्याचे घर यांवर काय परिणाम होईल? नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेनाने काम चालवावे लागले. २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याच्या अंमलबजावणीवर रुग्णांचा विश्वास अवलंबून राहील. विश्वास नसेल तर रुग्ण खरी हकीकत सांगत नाही, आणि खोट्या नोंदीचे सातत्य हे नोंद नसण्याहूनही धोक्याचे.

आकड्यांची घोषणा होत राहील, आणि ती व्हावीही. त्या घोषणेसोबत आणखी दोन आकडे जाहीर होऊ लागले, तर या दीर्घ इतिहासातून काही शिकल्यासारखे होईल. या महिन्यात ज्यांनी पुन्हा यायचे होते, त्यांपैकी किती आले? आणि जे आले नाहीत, त्यांपैकी किती जणांच्या दारापर्यंत कोणी गेले? मद्रासच्या पथकाने १९५६ साली हेच दोन प्रश्न १९३ माणसांबद्दल विचारले होते. आता ते काही कोटी माणसांबद्दल विचारायचे आहेत.